डॉ. ग्रेगरी हाऊस या व्यक्तिरेखेला मिळालेला प्रतिसाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉ. हाऊस कोण, आणि मालिका कोणत्या काळातली?

'हाऊस' ही अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवरची वैद्यकीय मालिका. पहिला भाग १६ नोव्हेंबर २००४ रोजी आणि शेवटचा २१ मे २०१२ रोजी प्रसारित झाला. आठ पर्वांत मिळून १७७ भाग झाले. न्यू जर्सीतील एका काल्पनिक शिक्षण-रुग्णालयात निदान विभागाचा प्रमुख असलेला ग्रेगरी हाऊस इतरांना न उलगडलेले आजार ओळखतो. उजव्या मांडीचा रक्तपुरवठा तुटून स्नायू मेल्यामुळे तो लंगडतो, सततच्या वेदनेवर व्हायकोडिनच्या गोळ्या खातो, पांढरा कोट घालत नाही आणि शक्यतो रुग्णाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. मालिकेचे जनक डेव्हिड शोर हे कॅनडाचे. लेखनाकडे वळण्यापूर्वी ते वकिली करत. हाऊस आपल्या सहाय्यकांची जी उलटतपासणी घेतो, तिचे मूळ मला त्या वकिलीत दिसते.

सुरुवातीला समीक्षकांनी त्याचे स्वागत कसे केले?

व्यक्तिरेखेचे स्वागत उत्साहाने झाले, मालिकेच्या साच्याबद्दल मात्र कुरकुर होती. तोवर अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा डॉक्टर बहुधा दयाळू, थकलेला आणि रुग्णासाठी झटणारा असे. रुग्णाशी बोलणे टाळणारा आणि बाह्यरुग्ण विभागातली ड्युटी चुकवून दूरदर्शनवरची रटाळ मालिका बघत बसणारा नायक समीक्षकांना नवा वाटला. त्याच समीक्षकांना चार-पाच भागांतच गणितही कळले: रुग्ण कोसळतो, पहिले निदान चुकते, उपचारानेच तो अधिक खालावतो, दुसरे निदानही चुकते, आणि चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास भलत्याच विषयावर बोलता बोलता हाऊस अर्ध्या वाक्यात थांबतो, शून्यात पाहतो आणि खोलीबाहेर चालू लागतो. हा आक्षेप खरा आहे. साचा इतका पक्का होता म्हणूनच लोकांचे लक्ष आजारावरून माणसाकडे गेले, हेही तितकेच खरे आहे.

इतका उद्धट माणूस प्रेक्षकांना आवडला तरी का?

या प्रश्नाचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे 'तो फणसासारखा आहे, वरून काटे आणि आत गरे'. हे उत्तर मला मान्य नाही. फणसाची उपमा लावताना आपण असे गृहीत धरतो की काटे ही केवळ साल आहे आणि पुरेसे तेल लावून कापले की गोडवा हाती लागणारच. मालिकेने ही हमी कधीच दिली नाही. रुग्ण वाचल्यावर हाऊस हळवा होतो असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा कोडे सुटले की त्याचा रस संपतो आणि रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच तो घरी पियानो वाजवत बसलेला असतो. आत काही आहे याची खूण मिळते ती जिथे आपण शोधत नसतो तिथे: कर्करोगतज्ज्ञ मित्र विल्सनच्या ताटातले बटाट्याचे काप न विचारता उचलण्याच्या सवयीत, किंवा रात्री रिकाम्या खोलीत पांढऱ्या फळ्यावरच्या लक्षणांच्या यादीसमोर बसून राहण्यात.

मग प्रेक्षक टिकले कशामुळे? माझ्या मते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे हाऊस सतत चुकतो. प्रत्येक भागात त्याची दोन-तीन निदाने फसतात, आणि हे विसरून त्याला 'कधीही न चुकणारा' म्हणणाऱ्यांनी मालिका नीट पाहिलेली नाही. चूक दिसताच तो आपला आधीचा सिद्धान्त क्षणात टाकून देतो. त्याच्या अहंकाराला माणसांपुढे झुकणे जमत नाही, पण रक्ताच्या अहवालापुढे तो बिनतक्रार झुकतो. दुसरी गोष्ट अशी की त्याच्या उद्धटपणाची किंमत त्यालाच मोजावी लागताना दिसते. सहाय्यक सोडून जातात, मित्र दुरावतो, आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटी तर एका माजी रुग्णाचा पती त्याच्यावर गोळ्या झाडतो. हा हिशेब जोवर चुकता होत होता, तोवर प्रेक्षक त्याच्या बाजूने होते. पुढे सातव्या पर्वात काय बिनसले ते या हिशेबावरूनच समजते.

ह्यू लॉरी यांच्या अभिनयाचा वाटा किती?

समीक्षकांनी मालिकेबद्दल वेगवेगळी मते दिली, लॉरींबद्दल जवळजवळ एकच दिले. ब्रिटनमध्ये ते विनोदी नट म्हणून ओळखले जात. 'जीव्ज अँड वूस्टर' या विनोदी मालिकेतला भोळसट श्रीमंत तरुण त्यांनीच रंगवला होता. हाऊसच्या भूमिकेसाठीची चाचणी त्यांनी नामिबियात एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना हॉटेलच्या न्हाणीघरात चित्रित करून पाठवली, कारण पुरेसा उजेड तिथेच होता. दाढीचे खुंट वाढलेले, कपडे मळकट. पहिल्या भागाचे दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांना हा माणूस अस्सल अमेरिकीच वाटला आणि आपल्याला असाच अमेरिकी नट हवा होता असे ते म्हणाले, हा किस्सा पुढे बराच गाजला. अनेक अमेरिकी प्रेक्षकांना लॉरी ब्रिटिश आहेत हे त्यांनी पुरस्कार घेताना तोंड उघडले तेव्हाच कळले.

विनोदी नटाचा उपयोग कुठे झाला, हे पाहण्यासारखे आहे. क्रूर वाक्य आणि हसू यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. लॉरी ते अंतर अचूक पकडतात, वाक्यावर जोर देत नाहीत, आणि समोरच्याला लागले की नाही हे पाहण्यासाठी डोळे मात्र वर करतात. संहितेतला कुजका शेरा त्या नजरेमुळे नुसता शेरा राहत नाही.

शेरलॉक होम्सशी असलेले नाते समीक्षकांनी शोधले की लेखकांनीच सांगितले?

लेखकांनी उघडच सांगितले, आणि चाहत्यांनी खुणा मोजण्याचा छंद लावून घेतला. होम्स आणि हाऊस, वॉटसन आणि विल्सन, कोकेन आणि व्हायकोडिन, व्हायोलिन आणि पियानो, घराचा क्रमांक २२१ ब. पहिल्या भागातल्या रुग्णेचे आडनाव अॅडलर, आणि गोळ्या झाडणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत मोरियार्टी. गंमत अशी की स्वतः होम्स हा कॉनन डॉयल यांनी एडिंबरोतील आपले शिक्षक डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घडवला होता. रुग्ण दारातून आत येताच त्याचा व्यवसाय आणि आजार ओळखणारा तो डॉक्टर आधी गुप्तहेर झाला आणि शंभराहून अधिक वर्षांनी हाऊसच्या रूपाने पुन्हा रुग्णालयात परतला. होम्सकथा मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्यामुळे आपल्या वाचकाला ही वंशावळ सांगावी लागत नाही.

लॉरी यांना एमी पुरस्कार का मिळाला नाही?

अमेरिकी दूरचित्रवाणीचा हा मानाचा पुरस्कार सहा वेळा नामांकन मिळूनही (२००५ आणि पुढे २००७ ते २०११ सलग) त्यांना मिळाला नाही. २००८, २००९ आणि २०१० या तिन्ही वर्षी ब्रायन क्रॅन्स्टन यांनी बाजी मारली, त्यापूर्वी २००५ आणि २००७ मध्ये जेम्स स्पेडर यांनी. २००६ मध्ये तर गोल्डन ग्लोब जिंकूनही लॉरींना एमीचे नामांकनच मिळाले नाही, आणि त्या वर्षी समीक्षकांनी निवड पद्धतीवर बरेच तोंडसुख घेतले. इतरत्र मात्र सन्मानांची वाण नव्हती: गोल्डन ग्लोब २००६ आणि २००७, नट-संघटनेचा पुरस्कार २००७ आणि २००९, शिवाय मालिकेला २००५ या वर्षासाठी पीबॉडी हा प्रसारमाध्यमांतला पुरस्कार. 'थ्री स्टोरीज' या भागाच्या लेखनासाठी डेव्हिड शोर यांना २००५ चे एमी मिळाले.

प्रेक्षकसंख्या किती होती?

पहिला भाग अमेरिकेत सुमारे ७० लाख लोकांनी पाहिला, म्हणजे सुरुवात बेताचीच होती. जानेवारी २००५ पासून 'अमेरिकन आयडॉल' ही लोकप्रिय गायनस्पर्धा संपताच 'हाऊस' लागू लागली आणि आकडे झपाट्याने चढले. तिसऱ्या पर्वाची सरासरी सुमारे १ कोटी ९० लाखांवर गेली. ३ फेब्रुवारी २००८ रोजी सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर दाखवलेल्या भागाला सुमारे २ कोटी ९० लाख प्रेक्षक लाभले. त्याच वर्षी ६६ देशांत मिळून ८ कोटी १८ लाख प्रेक्षकांसह ही जगात सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका ठरली. शेवटच्या भागापर्यंत अमेरिकेतील संख्या सुमारे ८७ लाखांवर उतरली होती.

खऱ्या डॉक्टरांचे मत काय होते?

डॉक्टरांनी ही मालिका आवडीने पाहिली आणि आवडीनेच झोडपली. पहिला आक्षेप कामाच्या विभागणीबद्दल होता. हाऊसचे तीन सहाय्यक रक्त काढतात, ते प्रयोगशाळेत स्वतः तपासतात, एमआरआय स्वतः चालवतात, मेंदूची बायॉप्सी होते तेव्हा शस्त्रक्रियागृहात हजर असतात आणि मधल्या वेळात रुग्णाच्या घराचे कुलूप फोडून फ्रिज तपासून येतात. प्रत्यक्षात या प्रत्येक कामासाठी वेगळी माणसे असतात, आणि कुलूप फोडण्यासाठी तर कोणत्याच रुग्णालयात पद नाही. आठवडाभर चार डॉक्टरांनी एकाच रुग्णाकडे पाहायचे, ही चैन आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला परीकथाच वाटेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता आणि तो संमतीबद्दल होता. हाऊस रुग्णाशी खोटे बोलतो, नातेवाइकांना घाबरवून सह्या घेतो, आणि निदान सिद्ध करण्यासाठी धोक्याचे औषध आधी देऊन मग परिणाम पाहतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या मालिकेच्या आणि 'ग्रेज अॅनाटमी'च्या एकेका पर्वाचा अभ्यास करून २०१० मध्ये तो वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोन्ही मालिकांत मिळून जैवनीतीचे १७९ प्रसंग त्यांनी नोंदवले, आणि त्यांत रुग्णाच्या संमतीचा विषय सर्वाधिक वेळा आलेला होता. वैद्यकीय शिक्षकांमध्ये यावरून दोन तट पडले. विद्यार्थी हे अनुकरणीय समजतील अशी भीती काहींना वाटली. इतरांनी नेमके हेच प्रसंग वर्गात दाखवून 'इथे काय चुकले?' असे विचारायला सुरुवात केली. मला दुसरा तट शहाणा वाटतो. हाऊस चूक करतो तेव्हा रुग्णालयाची प्रशासक कडी, सहाय्यक कॅमरन किंवा विल्सन यांपैकी कोणीतरी ती चूक म्हणून बोलून दाखवतेच. वाद प्रेक्षकांसमोर मांडलेला असतो, लपवलेला नसतो.

एका बाबतीत डॉक्टरांनीही मोकळेपणाने दाद दिली. फळ्यावर लक्षणे लिहायची, प्रत्येक संभाव्य आजार मांडायचा, आणि न बसणारे लक्षण गैरसोयीचे म्हणून पुसून न टाकता त्यालाच धरून बसायचे, ही विभेदक निदानाची पद्धत खरी आहे. मालिकेमागची एक प्रेरणा म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीतले डॉ. लिसा सँडर्स यांचे निदानकथांचे सदर, आणि सँडर्स मालिकेच्या वैद्यकीय सल्लागारही होत्या.

मालिका पाहून खरोखर कोणाचे निदान झाले आहे का?

झाले आहे. जर्मनीतील मारबुर्ग येथील विद्यापीठ रुग्णालयात मे २०१२ मध्ये ५५ वर्षांचा एक रुग्ण आला. हृदय निकामी होत चाललेले, दृष्टी आणि श्रवण क्षीण, अंगात ताप, आणि कारण कोणालाच सापडत नव्हते. डॉ. युर्गेन शेफर हे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवताना 'हाऊस'चे भाग वापरत. सातव्या पर्वातल्या एका भागात कृत्रिम सांध्यातील धातूमुळे कोबाल्टची विषबाधा झाल्याचे दाखवले होते, ते त्यांना आठवले. या रुग्णाच्या खुब्याचा सिरॅमिकचा सांधा तुटल्यावर त्या जागी धातूचा बसवला गेला होता. रक्तात कोबाल्टचे प्रमाण प्रचंड निघाले, सांधा बदलण्यात आला आणि रुग्णाची प्रकृती सुधारली. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे प्रकरण छापले आणि त्याच्या शीर्षकातच डॉ. हाऊसचे नाव होते. श्रेय अर्थातच मालिकेपेक्षा ती लक्ष देऊन पाहणाऱ्या शिक्षकाचे आहे.

व्हायकोडिनच्या व्यसनाचे उदात्तीकरण झाले, हा आरोप कितपत योग्य आहे?

सुरुवातीच्या पर्वांपुरता तो योग्य आहे. डबी हलवल्याचा खुळखुळ आवाज, डोके मागे झुकवून गोळी हवेत उडवून झेलणे आणि त्यापाठोपाठ एखादा चमकदार विनोद, हे इतक्या वेळा आले की गोळी ही त्याच्या हुशारीचे इंधन वाटू लागली. व्हायकोडिन म्हणजे हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल यांचे मिश्रण. हायड्रोकोडोनयुक्त गोळ्यांवर अमेरिकेने ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिक कडक निर्बंध आणले, तोवर मालिका संपून दोन वर्षे झाली होती. ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या व्यसनाची साथ पसरून घरेच्या घरे उद्ध्वस्त झालेली पाहिल्यानंतर आज तीच दृश्ये पाहणाऱ्याला हसू येत नाही. मात्र पाचव्या पर्वाअखेरचे भ्रम आणि सप्टेंबर २००९ मधला मनोरुग्णालयातला दोन तासांचा 'ब्रोकन' हा भाग यांनी या प्रश्नाला समोरून हात घातला. 'ब्रोकन'मध्ये फळा नाही, सहाय्यक नाहीत, कोडे नाही. केवळ एक हुशार माणूस मदत मागायला शिकतो आहे. अनेक समीक्षकांनी या भागाला मालिकेतील सर्वोत्तम भागांमध्ये स्थान दिले, आणि मीही देईन.

स्त्रिया, वंश आणि लैंगिकता यांबाबत टीका झाली होती का?

झाली होती, आणि काळाबरोबर ती वाढतच गेली आहे. कडीच्या कपड्यांवरचे शेरे आणि कृष्णवर्णीय सहकारी फोरमन याच्यावरचे वंशवाचक विनोद 'हाऊस सगळ्यांनाच टोमणे मारतो' या सबबीखाली खपवले गेले. ही सबब लंगडी आहे, कारण टोमणा सगळ्यांना एकसारखा लागत नाही. दुसऱ्या पर्वातील आंतरलिंगी (जन्मतः शरीर ठरावीक स्त्री किंवा पुरुष या साच्यात न बसणाऱ्या) रुग्णाच्या चित्रणावर त्या समुदायाने आक्षेप घेतला. जानेवारी २०१२ मधल्या एका भागात आपण अलैंगिक, म्हणजे लैंगिक आकर्षण न वाटणारे, असल्याचे सांगणाऱ्या जोडप्याचे म्हणणे हाऊस आजार आणि खोटेपणा यांत काढतो. त्यावर अलैंगिक व्यक्तींच्या संघटित गटांनी निषेध नोंदवला. 'प्रत्येक जण खोटे बोलतो' हे हाऊसचे ब्रीद गोळ्यांची डबी लपवणाऱ्या रुग्णाला चपखल लागू पडते. स्वतःची ओळख सांगणाऱ्याला ते लावले की तो कोतेपणा ठरतो.

सातव्या पर्वाच्या शेवटावर प्रेक्षक इतके का संतापले?

२३ मे २०११ रोजीचा तो भाग आहे. हाऊस आणि कडी यांचे संबंध तुटलेले आहेत. कडीचा केस विंचरायचा ब्रश परत करायला हाऊस तिच्या घरापाशी येतो, आणि खिडकीतून तिला पाहुण्यांसोबत जेवणाच्या टेबलाशी बसलेली पाहतो. तो गाडी फिरवतो, वेग घेतो आणि थेट जेवणघराच्या भिंतीत घुसवतो. विटांच्या ढिगातून उतरून, अंगणात पडलेल्या विल्सनला ओलांडून तो लंगडत निघून जातो, आणि शेवटच्या दृश्यात समुद्रकिनाऱ्यावर निवांत दिसतो.

कडी आणि हाऊस एकत्र यावेत म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणारे चाहते दुखावले, हे संतापाचे एक कारण झाले. अधिक खोल कारण वर सांगितलेल्या हिशेबात आहे. तोवर हाऊसचे वागणे कितीही वाईट असले तरी त्यामागे कोणाचा तरी जीव वाचवण्याचा किंवा सत्य बाहेर काढण्याचा हेतू सांगता येत असे. इथे तसे काहीच नव्हते. घरात माणसे असताना गाडी घालणे हा हिंसाचार होता, आणि दिग्दर्शनाने त्याला सुटकेच्या आनंदाचा रंग दिला. कडीची भूमिका करणाऱ्या लिसा एडेलस्टीन पुढच्या पर्वात नव्हत्या, त्यामुळे जिच्यावर अन्याय झाला तिला बोलण्याची जागाच उरली नाही. आठवे पर्व हाऊसच्या तुरुंगवासाने उघडते, म्हणजे कायद्याची शिक्षा दाखवली गेली. कडीच्या डोळ्याला डोळा देणे मात्र कायमचे टळले, आणि अनेक प्रेक्षक मालिकेकडे पुन्हा फिरकले नाहीत.

शेवटच्या भागाबद्दल एकमत झाले का?

नाही. विल्सनला कर्करोग झाला आहे आणि त्याच्याकडे जेमतेम पाच महिने उरले आहेत; हाऊस जळत्या इमारतीत मेल्याचा बनाव रचतो, हाऊसच्या अंत्यविधीत चाललेले गोडवे असह्य होऊन विल्सन खरे बोलू लागतो, तोच त्याच्या खिशातला फोन वाजतो. मग दोघे मोटरसायकलींवर निघून जातात. होम्सच्या धबधब्यातल्या खोट्या मृत्यूची ही आठवण काहींना सुबक वाटली, तर काहींना जबाबदारीतून पळ काढणे वाटले. वैद्यकीचा परवाना, नाव आणि कोडी हे सगळे सोडून हाऊस एका माणसाला निवडतो, म्हणून मी पहिल्या गटात आहे. ज्यांनी मालिका मैत्रीसाठी पाहिली ते बहुधा समाधानी असतात.

तो काठी चुकीच्या हातात धरतो का?

होय. काठी सहसा दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. हाऊस ती दुखऱ्या उजव्या बाजूलाच धरतो. फिजिओथेरपिस्ट मंडळींनी हे पहिल्या पर्वापासून दाखवून दिले. काही रुग्णांना सवयीच्या हातातच काठी बरी वाटते, असे समर्थन मालिकेकडून करण्यात आले.

ल्युपसचा विनोद काय आहे?

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. फळ्यासमोर कोणीतरी त्याची शंका घेते आणि ती खोडली जाते, हे इतक्यांदा घडले की चाहत्यांनी त्याचे घोषवाक्य केले. चौथ्या पर्वातील एका जादूगाराला तो खरोखर निघतो.

इतर देशांत आणि भारतात प्रतिसाद कसा होता?

रशियात 'डॉक्टर रिश्टर' (२०१७) आणि तुर्कस्तानात 'हेकिमोलू' (२०१९ ते २०२१) ही रूपांतरे झाली. भारतात स्टार वर्ल्डवर ती इंग्रजीतूनच दिसे, त्यामुळे प्रेक्षक मुख्यतः शहरी आणि तरुण होता. भारतीय वंशाचे कॅल पेन यांनी साकारलेला हाऊसचा सहाय्यक कटनर आपल्याकडे विशेष लाडका होता. पेन यांनी व्हाइट हाऊसमधली नोकरी स्वीकारल्यामुळे एप्रिल २००९ मध्ये कटनरची आत्महत्या दाखवण्यात आली; तिचे कारण मालिकेने शेवटपर्यंत दिले नाही, आणि प्रत्येक लक्षणाला कारण शोधणाऱ्या हाऊसला हतबल करणारा तो भाग बहुतेकांच्या मनात राहिला. आपल्याकडे डॉक्टरचे मोठेपण अजूनही 'हाताला गुण आहे' या शब्दांत सांगितले जाते. रुग्णाला हातच न लावणाऱ्या डॉक्टरवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न मला प्रथम माझ्या आजीने विचारला होता, आणि मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

नव्या प्रेक्षकाने कुठून सुरुवात करावी?

पहिल्या भागापासून. 'थ्री स्टोरीज' सर्वोत्तम आहे म्हणून अनेक जण थेट तोच पाहतात, ते टाळावे. तो पहिल्या पर्वातला एकविसावा भाग आहे आणि आधीचे वीस त्याची तयारी आहेत. हाऊसला एका अनुपस्थित प्राध्यापकाच्या जागी व्याख्यान द्यावे लागते. पाय दुखणाऱ्या तीन रुग्णांची गोष्ट तो विद्यार्थ्यांना सांगतो, तपशील अदलाबदल करत, विनोद करत. तिसरा रुग्ण नशेसाठी गोळ्या मागायला आला असावा असे डॉक्टरांना वाटते आणि तीन दिवस निदान हुकते. सभागृह हळूहळू भरत जाते, त्याचे तिन्ही सहाय्यक मागच्या रांगेत येऊन बसतात, आणि तो तिसरा रुग्ण कोण हे विद्यार्थ्यांच्या आधी त्यांच्या लक्षात येते.